मेस्त्रींचा उजवा डोळा

मेस्त्रींच्या कारखान्यात लोखंडी पट्टी होती, पण ती रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायला. लाकूड सरळ आहे की नाही हे पट्टीला विचारायचं असेल, तर माणसानं सुतारकाम कशाला करावं, शाळेत भूमिती शिकवावी, असं मेस्त्रींचं म्हणणं. ते फळी उचलत, तिचं एक टोक खांद्याशी धरत, डावा डोळा मिटत आणि उजव्या डोळ्याची नजर तिच्या धारेवरून पार दुसऱ्या टोकापर्यंत सोडत. तेवढ्या वेळात ओठांतल्या सिगारेटची राखसुद्धा पडायची थांबते, असं गिऱ्हाइकं सांगत. मग निकाल लागे. "सरळ." किंवा "वाकडी." त्यावर अपील नसे. साऱ्या भागातली दारं-खिडक्या या एका डोळ्यानं पास-नापास केलेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर तो चुकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. माणसाला बरोबर असायची इतकी सवय लागणं तब्येतीला बरं नसतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

कारखाना म्हणजे घरालाच पुढून जोडलेली पत्र्याची लांबट शेड. एका बाजूला चौकटी भिंतीला टेकवून उभ्या, मधे लाकूड आवळायचा शिकंजा लावलेलं जाड टेबल, आणि सगळ्यावर भुशाचा असा थर की मांजर चालून गेलं तरी कळावं. तिथे मेस्त्री आणि त्यांचा मुलगा काम करत. मुलाला मेस्त्री 'वाकड्या' म्हणत. कधीकाळी त्यानं केलेल्या पहिल्या खुर्चीचा एक पाय आखूड निघाला होता, तेव्हापासून. आता त्याचे कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, त्याची मुलगी कॉलेजात जात होती, आणि त्याची कामंही बापाच्या तोडीची निघत होती. पण नाव पडलं ते पडलंच. "हे आमचे चिरंजीव," मेस्त्री नव्या गिऱ्हाइकाला सांगत. "यांच्या हातून सरळ येते ती फक्त झोप." गिऱ्हाईक हसे. मुलगाही हसे. न हसून जायचं कुठे?

घरात मागच्या खोलीत मेस्त्रींची थोरली बहीण राहत असे, आक्का. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आणि सत्तरी गाठता गाठता तिला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. समोरच्या माणसाचे कान दिसत, चपला दिसत, पण नाकडोळ्यांच्या जागी नुसता धुराचा गोळा. गंमत अशी, की चालताना ती कशाला धडकत नसे. जमिनीवर घरंगळलेलं बटण तिला कडेच्या नजरेनं बरोबर सापडे. मेस्त्रींच्या हिशेबात हे बसेना.

"बटण दिसतं आणि सख्खा भाऊ दिसत नाही?"

"तू बटणासारखा बाजूला उभा राहा, मग तूही दिसशील," आक्का म्हणे.

एकदा चार पाहुणे बसलेले असताना मेस्त्रींनी गुपचूप तिच्या वाटेत स्टूल आणून ठेवलं. आक्का वळसा घालून निघून गेली. "बघितलंत?" मेस्त्रींनी टाळी वाजवली. "स्टूल दिसतं. तांदूळ निवडायला दिले की आंधळी!" पाहुणे खो खो हसले. आक्काही हसली, कुणाकडे बघून हसायचं ते कळेना, म्हणून भिंतीकडे बघून.

पुढे कधीतरी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मध्यावर व्रण धरला होता. लवकर आणलं असतंत तर बरं झालं असतं, असं तिथे सांगण्यात आलं. मेस्त्रींनी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. त्यांचे वडीलही म्हातारपणी रस्त्यात ओळख देईनासे झाले होते आणि लोक म्हणाले होते, म्हाताऱ्याला घमेंड चढली. या घरात डोळ्याच्या दुखण्याला स्वभावाचा दोष म्हणायची वहिवाट अशी जुनी होती. बापाची घमेंड, बहिणीचं ढोंग. मेस्त्रींमध्ये अर्थातच कसलाही दोष नव्हता.

शाळेच्या दारांचं काम आलं, त्या सुमारास फळ्या बिघडल्या.

वखारवाल्याकडून आलेल्या पहिल्याच गठ्ठ्यातली फळी मेस्त्रींनी खांद्याशी धरली आणि खाली ठेवली. दुसरी धरली. तिसरी. प्रत्येक फळीची दोन्ही टोकं सरळ, आणि मधे जरासं पोट. त्यांनी सगळा माल परत पाठवला. वखारवाला स्वतः आला.

"मेस्त्री, गेल्या महिन्यापर्यंत याच ढिगातली फळी तुम्हाला चालत होती."

"गेल्या महिन्यापर्यंत तू प्रामाणिक असशील."

वखारवाला बिचारा दुसरा माल घेऊन आला. त्यालाही पोट. मेस्त्रींनी मग जगाचं काय व्हायचं ते होवो म्हणत तोच ठेवून घेतला आणि रंधा हातात घेतला.

इथे एक बारीकशी गोष्ट होती आणि सगळं तिच्यावरच अवलंबून होतं. फळी टेबलावर ठेवून दोन्ही डोळ्यांनी बघितली की ती सरळ दिसे. खांद्याशी धरून, डावा डोळा मिटून बघितली की वाकडी. दुसऱ्या कुठल्याही माणसाला यावरून आपल्या डोळ्याची शंका आली असती. पण दुसरं कुणी दिवसभर एक डोळा मिटून बघत नाही. त्याला कदाचित हे कळलंच नसतं. मेस्त्रींना कळलं, आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या धंद्याच्या शिस्तीत लावला: दोन डोळे म्हणजे गर्दी, गर्दीत बारकावा चुकतो, खरं तेच जे उजव्याला दिसतं. म्हणून ते सरळ फळीवरचं नसलेलं पोट रंध्यानं छाटत राहिले, आणि फळी मधे खोल होत गेली.

मुलानं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी शाळेचे मुख्याध्यापक दारं बघायला आले असताना तो म्हणाला, "बाबा, एकदा पट्टी लावून बघू या का?"

मेस्त्रींनी सिगारेट काढली. पट्टी हातात घेतली. मग तीच मुलाच्या पाठीच्या कण्याला लावली, मानेपासून खाली.

"सर, तुम्ही बघा. मला इथे उजेड दिसतोय. पहिल्यापासून वाकडंच आहे हे, लावलं कुठेही तरी."

मुख्याध्यापक हसावं की नाही या विचारात असतानाच हसून मोकळे झाले. मुलानं पट्टी घेतली आणि पुन्हा रंगाच्या डब्यांपाशी नेऊन ठेवली. ठेवताना तिच्यावरचा वाळलेला रंग नखानं काढला, जरा जास्तच वेळ लावून.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी फळी उचलली, बघितली, म्हणाले, "वाकडी."

"वाकडी," मुलगा म्हणाला.

मेस्त्रींनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तुला दिसतंय?"

"दिसतंय की. मधे पोट आहे."

"आत्ता कुठे डोळे उघडले तुझे," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती.

पुढचे महिने बापलेकांच्या आयुष्यातले सगळ्यात गोड होते. मेस्त्री फळी वाकडी ठरवत, मुलगा होकार भरत असे. मेस्त्री रंधा मारत, मुलगा वाहवा करत असे. सकाळी मेस्त्री उठायच्या आत मुलगा शेडमध्ये येऊन पट्टी लावून तीच धार पुन्हा सरळ करी, किंवा फळी फारच गेलेली असली तर नवीन घाली आणि जुनी जळणात टाकी. दारं चोख लागत होती. शाळेचं काम झालं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "मेस्त्री, अजून हात तसाच आहे!" "हात नाही सर, डोळा," मेस्त्री म्हणाले. त्यांनी वाकड्या म्हणणं सोडलं. 'बाळा' म्हणू लागले. सकाळचा चहा त्याच्याबरोबर घेऊ लागले, त्याच्यासाठी सिगारेट पुढे करू लागले, आणि तो नको म्हणाला की त्याच्या वाटची स्वतः ओढू लागले.

आक्काला यातलं काही दिसत नव्हतं, पण पत्र्यामागून ऐकू सगळं येत होतं. एका दुपारी मेस्त्री जेवताना, सवयीनं डावा डोळा मिटून, खिडकीच्या गजांना शिव्या देत होते. लोहारानं गंडवलं, गज मधे वाकलेत म्हणून.

"सगळे वाकलेत?" आक्कानं विचारलं.

"मी ज्याच्याकडे बघतो तो."

"फक्त मधेच? टोकं सरळ?"

"हो. तुला काय करायचंय?"

आक्काचा घास तसाच राहिला. "अरे, माझेही गज असेच मधे पोट काढून बसले होते. त्याच्यानंतरच सगळं गेलं. आज जा डॉक्टरांकडे. आजच जा. पहिले थोडे दिवसच हातात असतात, मला सांगितलंय तिथे. सुई देतात डोळ्यात, थांबतं ते."

"डोळ्यात सुई!" मेस्त्री हसले. "तुझा डोळा वेगळा, आक्का. तुझ्या डोळ्याला कामाचा कंटाळा होता."

"आणि बाबांच्या?"

"बाबांना घमेंड होती. सगळ्यांना माहीत आहे."

वरवर बघता हा एका डोळ्याचा प्रश्न होता. पण डॉक्टरांकडे जायचं म्हणजे आक्काचं दुखणं खरं होतं हे कबूल करायचं, आणि मग ते स्टूल, ती टाळी, ते पाहुणे, या सगळ्याचं काय करायचं? मेस्त्रींनी दोन्ही बाजू तोलल्या असतील असं नाही. त्यांनी आमटी वाढून घेतली.

आक्कानं मग भाच्याला गाठलं.

"तू तरी सांग त्याला."

"मी सांगितलं होतं, आत्या. पट्टी घेऊन."

"पुन्हा सांग. रागावेल, मारेल, काय खाणार आहे का तुला?"

मुलानं हातावरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "आत्या, ते मला बाळा म्हणतायत. या वयात. आईच्या माघारी कुणी म्हटलं नव्हतं."

"अरे, आणि त्याचा डोळा?"

"डोळा काय, दोन आहेत त्यांना."

हे तो चिडून म्हणाला नाही. आक्काला चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ऐकून तिला वाटलं, चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी मेस्त्रींनी फळी खांद्याशी धरली आणि फळीच नव्हती. मधोमध एक काळपट डाग, शाईचा थेंब पाण्यात पडून पसरावा तसा, आणि त्याच्या कडेनं फक्त शेडच्या भिंती. त्यांनी डोळा चोळला. भुसा गेला असेल म्हणून पाणी मारलं. त्याच डोळ्यानं मुलाच्या तोंडाकडे बघितलं, तर मुलाला तोंड नव्हतं.

"बाळा," ते म्हणाले, "जरा चल माझ्याबरोबर."

डॉक्टरीण तरुण होती आणि तिच्या दाराबाहेर रांग होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात फुलं नव्हती. तिनं थेंब घातले, यंत्रातून बघितलं, फोटो काढले, आणि लिहायला बसली.

"सिगारेट?"

"ओढतो. भुशावर उतारा म्हणून."

"केव्हापासून?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"रक्तदाब आहे?"

"आहे."

"गोळी?"

"आहे."

"घेता का?"

"डबीत आहे."

"पालेभाज्या, फळं खाता?"

"ते आजाऱ्यांचं जेवण."

"आता तुमचंच. उन्हात काम असतं? चष्मा, टोपी?"

"चौकटी बसवायला काय छत्री धरून जायचं?"

"घरात आणखी कुणाला हा त्रास?"

"नाही," मेस्त्री म्हणाले.

मुलगा भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत होता. "त्यांच्या बहिणीला आहे," तो म्हणाला. "वडिलांनाही असावा."

"वडिलांना घमेंड होती," मेस्त्री म्हणाले.

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली, पण रांग मोठी होती. "सरळ रेषा वाकड्या केव्हापासून दिसताहेत?"

"वाकड्या दिसत नाहीत. वाकड्याच आहेत."

"शाळेची दारं केली तेव्हापासून," मुलगा म्हणाला. "आठ महिने तरी झाले."

मेस्त्रींनी मान आवाजाकडे वळवली.

"तुला काय माहीत?"

"ती सगळी दारं मीच परत सरळ करत होतो, बाबा."

पुढचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वय आपल्या हातात नसतं, रक्ताचं नातं नसतं. बाकी जे हातात होतं त्यातलं मेस्त्रींनी काही सोडलं नव्हतं. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या, गळल्या, त्यामुळे रेषा वाकल्या. तेव्हा आला असतात तर सुया देऊन बहुधा थोपवता आलं असतं. आता रक्त सांडून व्रण धरला आहे, उजव्याच्या मध्यावर काही परत यायचं नाही. डावा अजून आहे. त्याच्यावरही पिवळे ठिपके आहेत, तोही त्याच वाटेला लागला आहे, फक्त मागे आहे. सिगारेट आजपासून बंद. गोळी डबीतून पोटात. आणि हा कागद. तिनं बारीक चौकटींचा कागद पुढे केला, मधे ठिपका. "रोज सकाळी उजवा झाकून डाव्यानं ठिपक्याकडे बघायचं. एक जरी रेषा वाकली, तरी त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. तुमचा डोळा यावरच आहे आता."

बसमध्ये मेस्त्री खिडकीकडे तोंड करून बसले. उतरायच्या आधी म्हणाले, "हरामखोरा."

"हो, बाबा," मुलगा म्हणाला. होकार द्यायची सवय इतक्यात सुटणार नव्हती.

घरी आक्का पलंगावर पाय सोडून बसली होती. मेस्त्री तिच्यासमोर येऊन बसले. डॉक्टरिणीच्या थेंबांनी मेस्त्रींची नजर अजून धूसर होती; एकमेकांची तोंडं दोघांनाही नीट दिसत नव्हती, त्यामुळे बोलणं सोपं व्हायला हवं होतं.

"कुठला?" आक्कानं विचारलं.

"उजवा."

"आणि डावा?"

"सांभाळायला सांगितलाय."

"मग सांभाळ." तिनं पदरानं नाक पुसलं. मेस्त्री आणखी काही बोलतील म्हणून ती थोडा वेळ थांबली. त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "चहा झालाय का कुणाचा?" आणि उठून गेले.

मुलानं तो कागद एका चांगल्या, वाळलेल्या फळीवर चिकटवला आणि शेडमध्ये खिडकीशेजारी डोळ्याच्या उंचीला ठोकला. सकाळच्या उजेडात मेस्त्री समोर उभे राहत, तळव्यानं उजवा डोळा झाकत, जणू त्याला झाकण्यासारखं काही उरलं होतं, आणि निकाल देत. "सरळ." सिगारेट त्यांनी सोडली, म्हणजे माणसांसमोर सोडली. गोळी घेत होते, आठवेल तशी. मुलाशी बोलणं बंद होतं; कामापुरतं "धर" आणि "सोड". वाकड्याही नाही, बाळाही नाही. तरी दिवस चालले होते. पाखरं ओळखायची, गिऱ्हाइकं ओळखायची, वर्तमानपत्राचा मथळा वाचायचा, एवढं सगळं आता डाव्या डोळ्याकडे होतं, आणि तो ते निभावत होता.

एका सकाळी मेस्त्री कागदासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. एक पाऊल मागे आले. पुन्हा पुढे गेले. ठिपक्याच्या जवळच्या दोन रेषा, ओल्या दोरीवर कपडा टाकल्यासारख्या, खाली झुकल्या होत्या.

"फळी बसलीय," ते म्हणाले.

मुलानं हातातली करवत ठेवली. "कुठे?"

"मधे. दमट लाकूड लावलंस."

मुलगा गेला, पट्टी घेऊन आला, फळीवर उभी, आडवी, तिरपी लावली. पट्टीखालून कुठूनही उजेड आला नाही. त्यानं पट्टी खाली ठेवली. "फळी सरळ आहे, बाबा. डोळा आहे हा. चपला घाला, आत्ताच जाऊ. दुपारपर्यंत सुई मिळेल."

"सरळ आहे?"

"सरळ आहे."

"दारं वाकडी होती तेव्हा काय म्हणाला होतास?"

"वाकडी म्हणालो होतो."

"आणि होती कशी?"

"सरळ होती, बाबा."

"मग तुझं कुठलं धरू?" मेस्त्री म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. आठ महिने खोटं बोलला तेव्हा त्याच्यावर विश्वास होता. आज खरं बोलला, आणि त्याची किंमत त्यानं स्वतःच उतरवून ठेवली होती.

"कागद काढ," मेस्त्री म्हणाले.

"बाबा, ऐका."

"कागद काढ म्हणतो ना."

मुलानं कागद अलगद सोडवला. मेस्त्रींनी फळी खिळ्यांवरून उपसली, चाचपत टेबलाकडे नेली, शिकंज्यात आवळली आणि रंधा घेतला. पहिला हात जरा अडखळला. मग लय सापडली. लाकडाची पातळ सालं वळत वळत रंध्यातून बाहेर येऊ लागली, आणि त्यांच्या खांद्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटल्याचं मुलाला पाठमोरंसुद्धा दिसलं.

मागच्या दारात आक्का येऊन उभी राहिली. "काय चाललंय रे?"

"बाबा फळी सरळ करतायत."

"कुठली फळी?"

"कागदाची."

आक्कानं दाराची चौकट धरली. "ओढत ने त्याला," ती म्हणाली. "तू धडधाकट आहेस, तो म्हातारा आहे. हात धर आणि ओढत ने."

मुलानं मान हलवली, जी तिला दिसायची नव्हती. तो दोन पावलं पुढे गेला, बापाच्या दंडाशी हात नेला. मेस्त्रींनी न बघता कोपर मारलं, चुकवायची गरज नव्हती इतकं हलकं. पण मुलगा मागे सरला. चाळीस-बेचाळीस वर्षं तो मागेच सरत आला होता.

रस्त्याकडून कुणीतरी आत डोकावलं. खिडकीच्या झडपा सांगायला आलेलं गिऱ्हाईक. "मेस्त्री आहेत का?"

"आहेत," मुलगा म्हणाला. "जरा थांबा. कामात आहेत."

मेस्त्रींनी फळी शिकंज्यातून सोडवली, खांद्याशी धरली आणि डाव्या डोळ्याची नजर तिच्या धारेवरून सोडली. कितीतरी वेळ बघत राहिले. मग ती पुन्हा आवळली. "अजून आहे थोडं," ते म्हणाले, आणि रंधा चालू झाला. मुलगा शेजारी उभा होता, चौकटींचा कागद दोन्ही हातांत सपाट धरून, चुरगळू नये म्हणून.